नळी की गोळी?

मुतखड्याची कळ ज्याने सोसली आहे त्याला तिचे वर्णन ऐकण्याची गरज नसते, आणि ज्याने सोसलेली नाही त्याला ते ऐकून काही उमगत नाही. मात्र ज्या घरात एखाद्या अपरात्री ती कळ उठली, त्या घरातल्या झाडून साऱ्या माणसांना ती रात्र पुढे जन्मभर आठवते. आमच्या घरी ती दोन वर्षांपूर्वी, आषाढातल्या एका रात्री उठली.

अडीचचा सुमार असेल. उजव्या कुशीत कोणीतरी सुरी खुपसून ती सावकाश फिरवीत आहे असे वाटून मी उठून बसलो. बसवेना म्हणून उभा राहिलो, उभे राहवेना म्हणून आडवा झालो आणि आडवे पडवेना म्हणून खोलीत येरझाऱ्या घालू लागलो. आमच्या हिने दिवा लावला आणि घाबऱ्या आवाजात विचारले, "अहो, काय होतंय? छातीत दुखतंय का?" मी नुसता कमरेकडे हात नेला. तेवढ्यात भडभडून ओकारी आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी निदान हाती आले. उजव्या मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाशी ८ मिलिमीटरचा खडा अडकला होता. ८ मिलिमीटर म्हणजे किती, तर हरभऱ्याचा एक दाणा. एवढ्याशा दाण्याने साठीला आलेल्या माणसाला लहान मुलासारखे रडवले होते!

डॉक्टरांनी तीन-चार आठवडे औषध देऊन वाट पाहिली. खडा जागचा हलला नाही. अखेर श्रावणात दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली. पोटावर कुठे चिरा नाही, टाका नाही. मी मनात म्हटले, सुटलो! पण दुसऱ्या दिवशी लघवीला गेलो तेव्हा कमरेपर्यंत चमक गेली आणि लघवी गुलाबी झाली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आत स्टेंट आहे. दोन आठवड्यांनी काढू. तोवर थोडा त्रास व्हायचाच."

थोडा! दर अर्ध्या तासाला मोरी गाठावी लागे. जिना चढलो की लघवी लाल. रात्री चार-पाच वेळा उठणे. आणि नेमक्या त्याच दिवसांत ठाण्याहून आमच्या धाकट्या मेव्हण्याचा फोन आला. त्याचीही तीच शस्त्रक्रिया तीन दिवसांपूर्वी झाली होती आणि तो कचेरीतून बोलत होता! "भाऊजी, मला नळी-बिळी काही घातली नाही. चार गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. पहिल्या रात्री जरा दुखलं, पण आता ठणठणीत."

फोन ठेवताच आमच्या हिने जो प्रश्न विचारला, तोच या लेखाचा विषय आहे. ती म्हणाली, "मग तुमच्याच पोटात ही नळी कशाला? बिल फुगवायला?"

वीत-सव्वा वीत वाट

प्रश्न कडू होता, पण गैर नव्हता. तो समजून घ्यायचा तर आधी ती वाट पाहिली पाहिजे, जिच्यात हा सगळा तमाशा घडतो.

मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत प्रत्येक बाजूला एक नळी असते. तिला मूत्रवाहिनी म्हणतात. लांबी २५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे वीत-सव्वा वीत. आतली पोकळी मात्र ३-४ मिलिमीटरच. ही नळी रबराच्या नळीसारखी निर्जीव नाही. तिच्या भिंतीत स्नायू आहेत आणि ते लाटेसारखे आकुंचन पावून लघवीचा घोट घोट खाली ढकलीत असतात. म्हणून आपण आडवे झोपलो तरी लघवी मूत्राशयातच उतरते. या वाटेवर तीन ठिकाणी अडचण आहे. एक मूत्रपिंडातून बाहेर पडताना, दुसरी कमरेखालच्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना, आणि तिसरी, सर्वांत अरुंद, मूत्राशयात शिरताना. खडा अडकतो तो बहुधा यांपैकी एखाद्या दाराशी.

खडा अडकला म्हणजे मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड फुगते, आणि मूत्रवाहिनी तो अडसर ढकलण्यासाठी जिवाच्या आकांताने आकुंचन पावू लागते. ती जगप्रसिद्ध कळ हीच. ५ मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडून जातात. १० मिलिमीटरच्या पुढचे क्वचितच पडतात. मधले असतात ते माणसाला आणि डॉक्टरला दोघांनाही विचारात पाडतात.

जुनीच पंचाईत

औषधाने भागवावे की शस्त्र हाती घ्यावे, ही पंचाईत आजची नाही. सुश्रुतसंहितेत 'अश्मरी' या नावाने मुतखड्याचे निदान आणि चिकित्सा हे दोन्ही विषय स्वतंत्र अध्यायांत सांगितले आहेत. आधी तुपे, काढे, क्षार यांचे उपाय आणि त्यांनी काम झाले नाही तरच शस्त्र, असा तेथील क्रम आहे. शस्त्रक्रिया न केली तर मरण ठरलेले आणि केली तरी यश संशयाचे, म्हणून वैद्याने आधी राजाची परवानगी घ्यावी, असा सावध सल्लाही त्यात आहे. आज शस्त्रक्रियेपूर्वी आपण संमतिपत्रावर सही करतो, तिचा हा आद्य पूर्वज म्हणायला हरकत नाही. तिकडे ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या नावाने चालणाऱ्या शपथेत तर, खड्यासाठी मी शस्त्र चालवणार नाही, ते काम त्यात मुरलेल्यांवर सोपवीन, असे वैद्याकडून वदवून घेत.

लंडनचा प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याचा मूत्राशयातला खडा २६ मार्च १६५८ रोजी काढला गेला. वय अवघे पंचवीस. भूल देण्याची विद्या सार्वजनिकपणे सिद्ध झाली ती १८४६ साली. तेव्हा पीप्सने ते सारे उघड्या शुद्धीत सोसले. तो वाचला आणि पुढे दरवर्षी २६ मार्चला मेजवानी देऊन आपला पुनर्जन्म साजरा करण्याचा त्याने नेम केला. खडा ठेवायला त्याने खास पेटीही करवून घेतली. आपल्याकडे लोक डॉक्टरांनी बाटलीतून दिलेला खडा पाहुण्यांना दाखवतात, त्यांनी लाजण्याचे कारण नाही.

पुढे काळ बदलला. १८२४ मध्ये पॅरिसच्या सिव्हियालने पोट न चिरता मूत्रमार्गातून हत्यार घालून मूत्राशयातला खडा आतल्या आत फोडून दाखवला. फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिक येथे ख्रिस्तियान शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीराबाहेरून ध्वनितरंगांचे धक्के देऊन मूत्रपिंडातला खडा फोडला. त्याच सुमारास मूत्रवाहिनीत शिरणाऱ्या लांब, बारीक दुर्बिणी आल्या आणि नव्वदीच्या दशकात होल्मियम लेसर आला. आता दुर्बीण नैसर्गिक वाटेनेच वर जाते आणि लेसरचा धागा खड्याचा भुगा करतो. राहिलेले तुकडे तारेच्या बारीक टोपलीत धरून बाहेर काढतात.

खडा गेला. मग नळी कशाला?

दातांच्या डॉक्टरचे नाव

'स्टेंट' हा शब्द एका माणसाचे आडनाव आहे हे ऐकून मला मौज वाटली. चार्ल्स स्टेंट हा एकोणिसाव्या शतकातला लंडनचा दंतवैद्य. दातांचे ठसे घेण्यासाठी त्याने एक सुधारलेला लगदा तयार केला. पहिल्या महायुद्धात एसर नावाच्या डच शल्यविशारदाने जखमी सैनिकांवर त्वचा चिकटवताना ती जागच्या जागी राहावी म्हणून या लगद्याचा आधार वापरला. तेव्हापासून शरीरातल्या नाजूक भागाला आतून आधार देणाऱ्या वस्तूला स्टेंट म्हणू लागले. हृदयाच्या रक्तवाहिनीतला स्टेंट आपल्या अधिक परिचयाचा. पण एक महत्त्वाचा फरक ध्यानात ठेवावा. हृदयातला स्टेंट कायमचा असतो, मूत्रवाहिनीतला चार दिवसांचा पाहुणा. या नावाच्या सारखेपणाने किती घोटाळा होतो ते पुढे सांगतो.

मूत्रवाहिनीत दुर्बिणीने आधाराची नळी सोडण्याचा प्रयोग झिमस्किंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली प्रसिद्ध केला. ती नळी सरळ होती, त्यामुळे घसरत असे. १९७८ साली फिनी यांनी दोन्ही टोकांना आकड्यासारखा बाक दिला. वरचा आकडा मूत्रपिंडात अडकतो आणि खालचा मूत्राशयात. इंग्रजी जे अक्षरासारखे हे दोन आकडे, म्हणून तिचे नाव 'डबल जे'. रुग्णांच्या तोंडी ती 'डी जे' झाली. आमच्या हिने ते प्रथम ऐकले तेव्हा तिला गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे आठवला. अनुभवान्ती सांगतो, तिचे फारसे चुकले नव्हते!

या नळीची जाडी साधारण २ मिलिमीटर. काम काय, तर शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनीची भिंत सुजली तरी लघवीची वाट मोकळी ठेवणे. लघवी नळीच्या आतून वाहते, तशी तिच्या बाहेरच्या अंगानेही वाहते. नळीमुळे मूत्रवाहिनी हळूहळू सैल होते आणि खड्याची रेती उतरायला सोपे जाते. भिंतीला ओरखडा पडला असेल तर तो अरुंद न होता भरून येतो.

त्रासाचे कारणही याच रचनेत आहे. खालचा आकडा मूत्राशयाच्या अतिशय हळव्या भागावर घासतो, म्हणून सतत लघवीची भावना. हालचाल वाढली की घर्षण वाढते, म्हणून रक्त. आणि मूत्राशयाच्या तोंडाशी जे नैसर्गिक झडपेचे काम चालते ते नळीमुळे उघडे पडते. लघवी करताना दाब उलटा वर मूत्रपिंडापर्यंत जातो, म्हणून कमरेत चमक. नळी घातलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांपर्यंत माणसांना यांपैकी काही ना काही त्रास होतो असे वैद्यकीय ग्रंथ सांगतात. तेव्हा माझे नाजूक शरीर हे काही त्याचे कारण नव्हते.

डॉक्टरांचे उत्तर

पुढल्या तपासणीला आम्ही दोघे गेलो. मी भिडस्त आहे, ही नाही. तिने सरळच विचारले, "डॉक्टर, माझ्या भावाला नळीवाचून बरं वाटलं. मग यांना का घातली?"

मला वाटले, डॉक्टर रागावतील. ते हसले आणि कागदावर चित्र काढून म्हणाले, "वहिनी, प्रश्न बरोबर आहे. स्लॅब भरताना खालून सेंटरिंग लावतात ना? जुन्या भिंतीला खिळा ठोकायचा असेल तर नाही लावत. दोन्ही कामं घराचीच. तुमच्या भावाचा खडा दोन दिवसांपूर्वीच खाली उतरला होता, लहान होता, अख्खा टोपलीत आला. भिंतीला धक्का लागला नाही. यांचा खडा महिनाभर एकाच जागी रुतून बसलेला. भोवतीची भिंत सुजून त्यावर चढली होती. खडा सोडवताना ती थोडी खरवडली गेली. तिथं नळी न घालता मी यांना घरी पाठवलं असतं, तर त्या रात्री मला झोप लागली नसती, आणि यांनाही नाही."

या उत्तरात साऱ्या वादाचे सार आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नळी घातलेले आणि न घातलेले रुग्ण यांची तुलना अनेक देशांत झाली. नळी नसलेल्यांना लघवीचा त्रास कमी होतो आणि खडा पूर्ण निघण्यात दोन्हींत फरक पडत नाही, हे त्यांतून पुष्कळदा दिसले. उलट नळी नसेल तर सूज येऊन पुन्हा कळ उठण्याची आणि अवेळी रुग्णालय गाठावे लागण्याची शक्यता काही अभ्यासांत थोडी अधिक आढळली, काहींत आढळली नाही. म्हणून अमेरिका आणि युरोप येथील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थांचा सल्ला असा आहे की शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली असेल तर प्रत्येकाला सरसकट नळी घालण्याचे कारण नाही. पण मूत्रवाहिनीला इजा झाली असेल, ती मुळात अरुंद असेल, दुसरे मूत्रपिंड नसेल किंवा दुबळे असेल, किंवा दुसऱ्यांदा दुर्बीण घालायची असेल, तर नळी हवीच. आणि खड्यामागे तुंबलेल्या लघवीत जंतूंचा संसर्ग होऊन थंडी वाजून ताप आला असेल, तर तिथे गोळीची वाट पाहणे म्हणजे जिवाशी खेळ. तिथे ताबडतोब नळी घालून किंवा पाठीतून मार्ग करून लघवी मोकळी करावी लागते. खडा नंतर पाहता येतो, माणूस आधी वाचवावा लागतो.

प्रत्यक्षात मात्र नळी घालण्याकडेच पुष्कळ डॉक्टरांचा कल असतो. त्याचे कारण दरवेळी बिल असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. नळीचा त्रास रुग्णाला घरी होतो. नळी न घातल्याने उठलेली कळ मध्यरात्री डॉक्टरच्या दारात येते. मनुष्यस्वभाव दोन्हीकडे सारखाच.

गोळी काय करते, काय करीत नाही

आता गोळीची बाजू. या प्रकरणात जिचे नाव सर्वांत अधिक ऐकू येते ती टॅमसुलोसिन. ती मुळात वाढलेल्या प्रोस्टेटसाठी निघालेली. मूत्रमार्गातल्या विशिष्ट स्नायूंना ती सैल करते. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागातही तसेच स्नायू आहेत, म्हणून खडा पाडण्यासाठी ती देऊ लागले.

तिचा उपयोग किती, यावर मोठे वाद झाले. ब्रिटनमध्ये अकराशेहून अधिक रुग्णांवर केलेल्या आणि २०१५ साली 'लॅन्सेट' मध्ये छापलेल्या चाचणीत गोळी घेणारे आणि नुसती साधी, औषध नसलेली गोळी घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. दोन्हींकडे सुमारे ८० टक्के लोकांना चार आठवड्यांत पुढचा उपचार करावा लागला नाही. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ५१२ रुग्णांच्या चाचणीतही तेच. उलट त्याच वर्षी चीनमधल्या ३,२९६ रुग्णांच्या चाचणीत मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाच्या खड्यांना गोळीचा फायदा दिसला, ८६ टक्के विरुद्ध ७९ टक्के. आणि तो मुख्यतः ५ मिलिमीटरहून मोठ्या खड्यांत. म्हणजे लहान खडा गोळीवाचूनही पडतो, मधल्या खड्याला गोळीचा हात लागू शकतो.

शस्त्रक्रियेनंतर मात्र तिचा उपयोग अधिक स्पष्ट आहे. नळीमुळे होणारी वारंवार लघवी आणि दुखणे या गोळीने कमी होते. मूत्राशयाचे झटके शांत करणारी सोलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन यांसारखी औषधेही देतात. नळी नसेल तेव्हा पहिल्या एक-दोन दिवसांच्या सुजेसाठी डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके फार गुणकारी. पण मूत्रपिंड अशक्त असेल किंवा पोटात अल्सर असेल, तर ती घरच्या डब्यातून काढून घेऊ नयेत.

प्रत्येक गोळीची पट्टीही असते. टॅमसुलोसिनने एकदम उठल्यावर घेरी येऊ शकते. म्हणून ती बहुधा जेवणानंतर घेतात आणि वडीलधाऱ्यांनी रात्री मोरीकडे जाताना आधी खाटेवर क्षणभर बसून मग उठावे. दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ही गोळी घेणाऱ्याच्या डोळ्यातली बाहुलीभोवतीची बुबुळाची पडदी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ढिली पडून अडचण करू शकते. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरला आपण ही गोळी घेत आहोत किंवा पूर्वी घेतली होती हे आवर्जून सांगावे. मी सांगितले, तेव्हा त्यांनी माझे आभार मानले.

आणि एक भ्रम. नेहमीचा, कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा कोणत्याही गोळीने विरघळत नाही. युरिक ॲसिडचा खडा मात्र लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधांनी विरघळू शकतो. म्हणूनच निघालेला खडा तपासायला पाठवणे हे पेटीत ठेवण्यापेक्षा शहाणपणाचे.

मास्तरांची नळी

गोळ्या सुरू झाल्या आणि मला उतार पडला. रात्री एकदाच उठणे, रक्त नाही, चमक नाही. नळी काढण्याची तारीख आली ती नेमकी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. मी म्हटले, आता दुखत तर नाही, गौरी-गणपती उरकू. मग पितृपक्ष. पितृपक्षात कोण दवाखान्यात जातो? मग नवरात्र, मग दसरा. अशी मी मनातल्या मनात ती तारीख दिवाळीपर्यंत ढकलली.

मला थांबवले ते आमच्याच इमारतीतल्या तळमजल्यावरच्या मास्तरांनी. मास्तर एका नामांकित शाळेतून निवृत्त झालेले, गणिताचे शिक्षक, पै-पैचा हिशेब ठेवणारे. त्यांची शस्त्रक्रिया एका मोठ्या रुग्णालयात झाली होती. घरी पाठवताना कागदांची जाड फाईल दिली. तिच्यात तिसऱ्या पानावर, इंग्रजीत, एका ओळीत लिहिले होते की आत डबल जे स्टेंट आहे, चार आठवड्यांनी काढावा. तोंडी कोणी सांगितले नाही, किंवा सांगितले असेल तर भुलीच्या गुंगीत मास्तरांना कळले नाही. मुलाला वाटले, स्टेंट म्हणजे हृदयातल्यासारखा कायमचाच. सुरुवातीचा त्रास गोळ्यांनी शमला आणि फाईल कपाटात गेली.

चौदा महिने गेले. मग ताप येऊ लागला. क्ष-किरण चित्रात दिसले की नळीच्या दोन्ही टोकांवर खडे चढले आहेत, वरचा लिंबाएवढा. जी नळी खडा काढल्यावर घातली, तिच्याच भोवती नवा खडा! ती ओढून निघेना. आधी लेसरने खालचे टोक मोकळे केले, मग पाठीतून छिद्र पाडून वरचा खडा फोडला, मग आणखी एकदा दुर्बीण. तीन शस्त्रक्रिया, दोन महिने आणि जन्मभराच्या बचतीतला मोठा वाटा. मूत्रपिंड वाचले, पण त्याची शक्ती पूर्वीसारखी राहिली नाही.

हे दुर्दैव एकट्या मास्तरांचे नव्हे. अशा विसरलेल्या नळ्यांवर वैद्यकात पुष्कळ लिहिले गेले आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६ आठवड्यांच्या आत काढलेल्या नळ्यांपैकी सुमारे ९ टक्के नळ्यांवर पुटे चढलेली आढळली, ६ ते १२ आठवड्यांत ४७ टक्के, आणि त्यानंतर ७६ टक्के. ज्याला खडे होण्याची खोड आहे, त्याच्या लघवीत बाहेरची वस्तू राहिली की तिच्यावर खडा जमणारच.

माझा दिवाळीचा बेत ऐकून मास्तर एवढेच म्हणाले, "गणितात मी एक चूक केली. दुखणं शून्य म्हणजे नळी शून्य असं धरलं." मी त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा मिनिटांत नळी निघाली. संध्याकाळच्या आरतीला मी घरी उभा होतो.

नळी की गोळी, या प्रश्नाचे खरे उत्तर मला त्या दिवशी समजले. दोघी एकमेकींच्या वैरिणी नाहीत. ज्याला नळीची गरज नाही त्याला नुसती गोळी पुरते. ज्याला नळी हवी त्याला ती गोळीने सुसह्य होते. पण गोळी त्रास झाकते, नळी नाहीशी करीत नाही. सारा धोका या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत आहे.

घरच्यांनी विचारायचे

म्हणून ज्यांच्या घरी हा प्रसंग येईल त्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. शस्त्रक्रियेआधी विचारा, नळी घालणार का, आणि कोणत्या कारणाने. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. शस्त्रक्रिया झाल्यावर, रुग्ण शुद्धीवर असताना आणि घरचे माणूस शेजारी असताना विचारा, आत नळी आहे का, कोणत्या बाजूला, किती, आणि काढायची कोणत्या तारखेला. ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लाल शाईने लिहा आणि फोनमध्येही नोंदवा. काही नळ्यांना दोरा असतो, काहींसाठी दुर्बीण लागते. आपली कोणती ते विचारा. नळी काढल्यावर काही तास कळ येऊ शकते, तिला घाबरू नका. पण नळी असो वा नसो, थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, रक्ताच्या गाठी पडू लागल्या, किंवा ओकाऱ्यांमुळे औषध पोटात ठरेना, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आणि पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून काय? पाणी. इटलीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिला खडा होऊन गेलेल्या १९९ जणांना पाच वर्षे पाहिले. ज्यांनी दिवसाला २ लिटरहून अधिक लघवी होईल इतके पाणी घेतले त्यांच्यापैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, बाकीच्यांपैकी २७ टक्क्यांना. इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. हुलग्याचे कढण कोकणात आणि देशावर वर्षानुवर्षे देतात. ते प्यायला हरकत नाही, पण अडकलेल्या खड्यावर त्याच्या भरवशाने महिनोनमहिने बसू नये. दूध-ताक बंद करण्याची चूकही करू नका. त्याच संशोधकांनी २००२ साली दाखवले की नेहमीइतके कॅल्शियम घेऊन मीठ आणि मांसाहार कमी करणाऱ्यांना, कॅल्शियम तोडणाऱ्यांपेक्षा कमी खडे झाले. मीठ वाढले की लघवीतून कॅल्शियम अधिक जाते.

ही शेवटची गोष्ट दिवाळीत लिहिताना माझा हात जरा अडखळतो. चिवडा, चकली, शेव यांचे ताट समोर आहे. आमच्या हिने त्यातून चकलीची एकच जोडी माझ्या वाट्याला काढली आहे आणि शेजारी पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आहे. "चकली हवी असेल तर आधी तो रिकामा करा," ती म्हणाली. मेव्हणाही भाऊबीजेला आला आहे. त्याच्यापुढेही तसाच तांब्या आहे. नळीवाला आणि गोळीवाला, या एका बाबतीत आता दोघांना एकच नियम.

तळमजल्यावर मास्तरांकडे मी फराळाचे ताट घेऊन गेलो, तेव्हा त्यांच्या दारामागच्या दिनदर्शिकेवर पुढच्या तपासणीची तारीख लाल शाईने लिहिलेली दिसली. तिच्याभोवती त्यांनी वर्तुळ काढले होते. गणिताच्या मास्तरांचे वर्तुळ, अगदी गोल.